रबाळ्याच्या फटफट्या

रबाळ्याला कोणी मुद्दाम जात नाही. ज्यांची तिथे नोकरी आहे ते जातात, ज्यांचे घर आहे ते परततात, आणि बाकीचे लोक ठाण्याहून वाशीला जाताना ऐरोली आणि घणसोली यांच्यामधले एक स्टेशन म्हणून खिडकीतून त्याच्याकडे बघतात. हे स्टेशनही फार जुने नव्हे. ठाणे-वाशी लोकल सुरू झाली २००४ साली. पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ठाणे-बेलापूर रस्ता. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याने या रस्त्याच्या अंगाने जी वसाहत उभी केली तिला कागदोपत्री 'ट्रान्स ठाणे क्रीक', म्हणजे खाडीपलीकडची वसाहत, असे नाव पडले. कोणाच्या पलीकडची, हे सांगण्याची गरज तेव्हा कोणाला वाटली नाही. मुंबईच्या पलीकडे ते पलीकडे! रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली या गावांतल्या आगरी-कोळ्यांच्या दृष्टीने मुंबईच पलीकडे होती. पण त्यांना विचारतो कोण?

आता त्या वसाहतीचेही रूप पालटते आहे. रंग, रसायने आणि यंत्रांचे सुटे भाग करणारे बरेच कारखाने बंद पडले. त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि अलीकडे तर खिडक्याच नसलेल्या अजस्र इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. त्यांत माणसे थोडी आणि संगणक फार. आपण सारे जे फोटो काढतो, पत्रे पाठवतो, पैशांचे व्यवहार करतो, त्यांची नोंद म्हणे तिथे गार हवेत जपून ठेवलेली असते. अशा दोन भिंतींच्या मधल्या गल्लीत शिरले की मग जुन्या पत्र्याच्या शेडी लागतात. एकीत लेथ फिरत असतो, दुसरीत पुठ्ठ्याची खोकी तयार होत असतात, तिसरीत नुसतेच कोणी काहीतरी ठोकत असते. त्या ठोकण्याच्या शेडीत माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. बी.ए.ला मराठी घेतलेला हा मुलगा मोटारसायकली सोडवतो, कापतो आणि पुन्हा जोडतो. "सर, एकदा येऊन बघा तरी," असे तो तीन वर्षे म्हणत होता. शेवटी एका शनिवारी गेलो.

या धंद्याला इंग्रजीत 'कस्टम' म्हणतात. कस्टम म्हणजे रूढी, असे आपण शाळेत शिकलो. इथे मात्र कारखान्याची रूढी मोडून गिऱ्हाइकाच्या मापाची गाडी बनवणे म्हणजे कस्टम. मला याला आपला शिंप्याचा शब्द बरा वाटतो. दुकानातून आणलेला तयार सदरा निराळा आणि माप देऊन बेतलेला निराळा. कारखान्यातून एकासारख्या एक लाखो मोटारसायकली बाहेर पडतात. त्यांतली एक घेऊन ही मंडळी तिची शिवण उसवतात आणि मालकाच्या अंगाला बसेल अशी पुन्हा बेततात.

हे वेड अमेरिकेतून आले. दुसरे महायुद्ध संपल्यावर परत आलेल्या तरुण शिपायांनी जुन्या जड हार्ले-डेव्हिडसन गाड्या घेतल्या आणि वेग वाढावा म्हणून नको असलेले पत्रे कापून टाकले. आधी मडगार्डे आखूड झाली, मग पुढचे चाक लांब गेले, हँडले उंच झाली. कापाकापीतून निघालेली म्हणून ती गाडी 'चॉपर'. १९६९ सालच्या 'ईझी रायडर' या चित्रपटाने तिला जगभर नेले. इंग्लंडातल्या पोरांनी दुसरीच तऱ्हा काढली. लंडनच्या एस कॅफेसारख्या चहाच्या ठिकाणांवर जमायचे आणि तिथून शर्यती लावायच्या. त्यासाठी हँडल खाली, बैठक मागे आणि स्वार टाकीवर ओणवा. तिचे नाव 'कॅफे रेसर'. आमच्या इराण्याच्या हॉटेलाने अशी एखादी गाडी जन्माला घातली नाही याचे कारण मला वाटते इतकेच, की इराण्याकडे बसलेल्या माणसाला कुठे जायची घाई नसते.

आपल्याकडे या सगळ्याचा आधार म्हणजे बुलेट. मूळ विलायती रॉयल एनफील्डची ही गाडी १९५५ पासून मद्रासेत बनू लागली. आपल्या लष्कराला सरहद्दीवर फिरायला ती हवी होती. विलायतेतली कंपनी पुढे बुडाली, मद्रासची चालत राहिली. आणि कित्येक दशके ती गाडी फारशी बदललीच नाही. ब्रेक डाव्या पायाला, गिअर उजव्या पायाला, आणि किक मारण्यापूर्वी दिव्याशेजारचा अँमीटरचा काटा बरोबर मध्यावर आणायचा हा विधी. तो न करता किक मारली तर गाडी उलट लाथ घाली. धंद्याच्या दृष्टीने असे न बदलणे हा दोष असेल. मेस्त्रीच्या दृष्टीने तो आशीर्वाद ठरला. एकच मोठे सिलिंडर, उघडी नागडी चॅसी, प्रत्येक बोल्ट डोळ्यांना दिसणारा. तालुक्याच्या गावचा मेस्त्रीही ती सोडवून परत जोडी. म्हैसूरच्या जावाचेही असेच प्रेम होते, पण तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि बुलेट उरली.

मुंबईत या कामाला नाव मिळवून देणाऱ्यांत अक्षय वर्दे यांना पुढे धरले पाहिजे. विमानकंपनीतली नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग काढला आणि त्याला नाव दिले 'वर्देंची'. लोकांना ते इटालियन वाटते! मराठी शिकवणाऱ्या माणसाला मात्र त्यात सरळ षष्ठी ऐकू येते. वर्देंची गाडी, जोश्यांची गाडी म्हणावे तशी. विभक्तिप्रत्ययाला एवढे वैभव आमच्या वर्गात कधी लाभले नाही. आणखी एका गोष्टीसाठी त्यांचे नाव घेतो, पण ते पुढे.

शेडीत मी गेलो तेव्हा टाकीचे काम चालू होते. करणारे गृहस्थ साठीच्या घरातले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्यासमोर वाळूने भरलेली चामड्याची थैली, तिच्यावर पत्रा आणि हातात लाकडी हातोडा. पत्र्यावर जोराने मारायचे नसते, हे मला तिथे कळले. हलक्या हाताने, जवळ जवळ, गोल गोल मारीत गेले की पत्रा पातळ होत फुगत जातो. दोन अर्धी अशी घडवून कडेने आर्गनच्या झाळेने जोडली की टाकी तयार. मग तिच्यात हवा भरून पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे येतात का पाहायचे, सायकलच्या ट्यूबसारखे. जुन्या टाकीला झाळ द्यायची असेल तर आधी ती काठोकाठ पाण्याने भरतात, कारण पेट्रोल काढले तरी त्याची वाफ आत उरते आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक.

"रंगावर जाऊ नका सर," माझा विद्यार्थी म्हणाला. "रंगाखाली काय आहे ते बघा. पुटीचे थर लेपून कुठलाही खड्डा बुजवता येतो. उस्तादांची टाकी बिनरंगाची बघितली तरी चालते."

उस्ताद हसले. "पुटी म्हणजे कर्ज आहे साहेब," ते म्हणाले. "कधीतरी भेग पडते आणि वसुली होते."

मग त्यांनी मला पुढच्या चिमट्याचे गणित समजावले. सायकलचा चिमटा जरा तिरपा असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ चालते. हा तिरपेपणा वाढवला की गाडी सरळ रस्त्यावर रेल्वेसारखी स्थिर होते, पण वळणावर जड होते आणि गर्दीत हळू चालवताना चाक आपोआप एका बाजूला कलते. म्हणजे जी चॉपर अमेरिकेच्या माळावरून शे-दोनशे मैल नाकासमोर जायला बनली ती रबाळ्याच्या रिक्षास्टँडपाशी वळवताना घाम फोडते. मागे जाड टायर हवा म्हणून पुष्कळ पोरे येतात. टायर जाड केला की साखळीची रेघ सरकते, मागचा सांगाडा रुंद करावा लागतो, आणि गाडी वळणात झुकायला कुरकुरते. "फोटो चांगला येतो," एवढेच उस्ताद म्हणाले. येणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते असे बोलून परत पाठवतात, असे मला नंतर कळले. मालकाला हे अर्थातच पसंत नाही.

आता कायदा. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात निकाल दिला, की उत्पादकाने जसे वाहन बनवले आणि नोंदवले त्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. रंग बदलला तरी आरसी पुस्तकात नोंद करून घ्यावी लागते. चॅसी कापणे तर दूरच.

कायद्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी बोलणार. ज्याला लोखंडातले कळत नाही अशा माणसाने जोडलेला चिमटा खड्ड्यात तुटला तर मरणारा तो एकटाच असेल असे नाही. आणि सायलेन्सर! रात्री अकरा वाजता आमच्या रस्त्यावरून बंदुकीचे बार काढीत जाणारी पोरे या कलेची उपासक आहेत असे मला कोणी सांगू नये. महाराष्ट्रात निरनिराळ्या शहरांत पोलिसांनी असले सायलेन्सर जप्त करून, रस्त्यावर ओळीने मांडून, त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला आहे. त्याची चित्रे वर्तमानपत्रात आली की आमच्या सोसायटीत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहते. पण गंमत अशी, की पाचशे रुपयांची नळी लावून गल्ली जागवणारा आणि चार महिने पत्रा घडवणारा उस्ताद हे दोघेही कायद्याच्या एकाच कलमात उभे आहेत.

बरे, परवानगी घेऊन करावे म्हटले तर? पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. पुणेकरांना ती टेकडीवर फिरायला जाण्याची खूण म्हणून ठाऊक. वाहनांची तपासणी करून प्रमाणपत्र देणे हे तिचे खरे काम. वर्दे यांनी इथेच वाट काढली. रॉयल एनफील्डच्या थंडरबर्ड गाडीवर बसवायचा एक संच त्यांनी तयार केला आणि तो एआरएआयकडून प्रमाणित करून घेतला. आपल्या देशात या धंद्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. संच घ्यावा, गाडीवर चढवावा, उजळ माथ्याने रस्त्यावर जावे.

पण त्यात एक पेच आहे, आणि तो मला रबाळ्याच्या त्या शेडीत बसून जास्त जाणवला. तपासणीचा खर्च आणि खटाटोप एका गाडीसाठी परवडत नाही. तोच संच पुष्कळ गाड्यांवर बसणार असेल तरच परवडतो. म्हणजे बेतून शिवलेल्या कपड्याला कायद्यात बसायचे तर त्याने पुन्हा तयार कपडा व्हायचे. एकाच माणसासाठी एकच गाडी घडवणाऱ्याला मान्यता मिळवण्याची परवडणारी रीत काही नाही. जपानसारख्या देशात बदललेली गाडी सरकारी तपासणीला नेऊन, मोजून, कागदावर नोंदवून घेण्याची सोय आहे. आपल्याकडे तशी एकेका गाडीची तपासणी, हवी तितकी कडक आणि हवी तितकी महाग, का असू नये? उस्तादांच्या टाकीला तपासनिसाची भीती नाही. भीती असेल तर पुटीवाल्यांना.

या गाड्या जातात कुठे? मुंबईतले जे रस्ते पाहून मोटारसायकल घ्यावीशी वाटेल, ते सारे मोटारसायकलींना बंद. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून आहे, त्यावर दुचाकीला मज्जाव. २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, तिथेही तेच. २०२४ साली खाडी ओलांडून न्हावा-शेव्याला जाणारा अटल सेतू झाला आणि समुद्राच्या काठाने किनारी रस्ता झाला. दोन्हींवर दुचाकी नको. कारणे सुरक्षिततेची आहेत. तरी भरसमुद्रावरचा बावीस किलोमीटरचा पूल लांबून बघायचा आणि पनवेलच्या ट्रकांमागून धूर खात जायचे, यात काही काव्यगत न्याय आहे असे म्हणवत नाही.

म्हणून ही मंडळी रविवारी पहाटे निघतात. चार-साडेचारला ऐरोलीच्या किंवा वाशीच्या पुलापाशी जमायचे आणि जुन्या पुणे रस्त्याने खोपोलीमार्गे लोणावळे. पुढे एक जाणता, मागे एक जाणता, मधली मंडळी एका आड एक डावीउजवीकडे, म्हणजे पुढच्याने ब्रेक मारला तर मागच्याला जागा राहते. खड्डा दिसला की पुढचा पायाने दाखवतो आणि ती खूण ओळीतून मागे सरकत जाते. मागचा जाणता कोणालाही टाकून पुढे जात नाही. पंक्चर झाले तरी तो थांबतो. बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो हाच, अशी आख्यायिका आहे. ट्रकवाले तिथे नाणे टाकतात, आणि चामड्याची जाकिटे घातलेले हे वीरही वेग कमी करून हात जोडतात. सात वाजता लोणावळ्यात मिसळ, दहाच्या आत घर. कोणी पावसाळ्यात माळशेजला जातात, कोणी कर्नाळ्यावरून पेणला. आणि वर्षातून एकदा गोवा ठरलेला. तिथे २०१३ पासून 'इंडिया बाइक वीक' नावाची मोठी जत्राच भरते, ती जरी पुढे गोव्याबाहेरही गेली असली तरी.

आणि हा पुरुषांचाच खेळ राहिलेला नाही. पुण्याच्या उर्वशी पाटोळे यांनी २०११ साली फक्त स्त्रियांचा मोटारसायकलस्वार संघ काढला, नाव 'बायकरनी'. व्याकरणाने खरे म्हणजे 'बायकरीण' व्हायला हवे, मास्तरीण-डॉक्टरीण यांच्या चालीवर, पण असो. गिरगावातल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि फेटा अशा थाटात बुलेटवरून जाणाऱ्या बायका पाहायला आता लोक पहाटेपासून उभे असतात.

शेडीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक गाडी होती. माझ्या विद्यार्थ्याने मुद्दाम ती शेवटाला दाखवली. जुनी बुलेट, काळी, टाकीवर डाव्या बाजूला पोचा. घणसोलीच्या एका आगरी गृहस्थांची. ते गेले, आणि मुलाने गाडी इथे आणून टाकली. जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा जे पैसे हाती आले त्यांतून त्यांनी ती घेतली होती. भाताचे शेत गेले आणि त्याच शेतावर उठलेल्या कारखान्यात ते पुढे तीस वर्षे पाळीला जात राहिले, याच गाडीवरून. तो कारखानाही आता नाही.

मुलाला तिची चॉपर करून हवी होती. चॅसी कापून लांब, पुढचे चाक दूर, मागे जाड टायर. त्याने चित्र आणले होते, पैसेही आणले होते. मालकाने होकार भरला. उस्ताद गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, कापणार नाही.

"का?" मी विचारले.

"कापली तर ती गाडी आरटीओची राहत नाही, आणि ह्याच्या बापाची पण राहत नाही," ते म्हणाले. "मग काय राहिली? लोखंड राहिले."

यावर बरेच बोलणे झाले. मुलगा रागावून गेला. पंधरा दिवसांनी परत आला. आता ठरले आहे ते असे: चॅसीला हात लावायचा नाही, चिमटा मूळचा, सायलेन्सर मूळचा. इंजिन पूर्ण उघडून नवे करायचे. बैठक मुलाच्या उंचीप्रमाणे बेतायची. आणि टाकीवरच्या सोनेरी रेघा, ज्या मद्रासच्या कारखान्यात कारागीर कुंचल्याने हाताने ओढीत आले, त्या उस्तादांच्या ओळखीचा एक पेंटर येऊन तशाच ओढणार. पोच्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. उस्तादांना तो अर्ध्या तासात काढता येईल. मुलगा म्हणतो, राहू दे. तो पोचा पडला तेव्हा मी पुढे टाकीवर बसलो होतो.

पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा चॅसीवरचा आकडा गाडीत खोदलेला आहे तोच कागदावर आहे की नाही हे तपासतात. त्यासाठी आकड्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासतात. लहानपणी आपण नाण्याचा छाप काढीत असू, तसे. माझ्या विद्यार्थ्याने चॅसीवरचा गंज आणि तेल रॉकेलच्या बोळ्याने पुसले, कागद धरला आणि आडवी पेन्सिल फिरवली. एकेक आकडा वर आला. ठशाने, हाताने ठोकलेले आकडे. त्यांतला सात जरा वाकडा पडलेला. मद्रासला ज्याने तो ठोकला त्याचा हात त्या दिवशी किंचित सरकला असावा. उस्तादांनी चष्मा लावून तो आरसी पुस्तकाशी ताडून पाहिला, मान हलवली, आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायला सांगितला. बाहेर सहाची पाळी सुटली होती.